आठ दिवस अळणी

आमच्या फाटकावर लसूणवेल आहे. दिवाळीच्या सुमारास तिच्यावर जांभळ्या फुलांचे झुबके येतात आणि चार दिवसांत फिके होत होत पांढरट पडतात. पान चुरडलं की थेट लसणाचा वास! ह्यांनी ती नर्सरीतून आणून लावली, त्याला वीस वर्षं तरी झाली असतील. एवढी वर्षं मी तिला पाणी घातलं, वाळक्या फांद्या छाटल्या. पण ती मूळची कुठली, तिच्या माहेरी तिला काय म्हणतात, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

ते कळलं पेरू देशात, ॲमेझॉनच्या जंगलात. एका आजीबाईंनी माझ्या डोक्यावरून पाल्याचं पाणी ओतलं आणि त्या ओळखीच्या वासानं मी दचकलेच. ‘‘कसला गं हा पाला?’’ मी लेकीला विचारलं. तिनं आजींना विचारून सांगितलं, ‘‘आहो साचा.’’ स्पॅनिशमध्ये आहो म्हणजे लसूण आणि साचा हा तिकडच्या केचुआ भाषेतला शब्द, म्हणजे रानातला. रानलसूण! पण मला मात्र पहिला शब्दच तेवढा ऐकू आला. तीस वर्षं मी घरभर जी हाक मारत होते ती, ‘अहो’! मी हसले आणि हसता हसता रडायला लागले.

पण असं मधूनच सांगून चालायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

ह्यांना मूत्रपिंडाचा विकार होता. शेवटची तीन वर्षं जेवण बिनमिठाचं, पाणी मोजून-मापून. मी पथ्य अगदी काटेकोर सांभाळलं. ओट्यावर रोज दोन पातेली, एकात ह्यांची अळणी भाजी, दुसऱ्यात बाकीच्यांची. सगळे मला शाबासकी द्यायचे, ‘किती करतेस गं!’ शेवटच्या आठवड्यात एकदा जेवताना हे म्हणाले, ‘‘लिंबाच्या लोणच्याची एक फोड दे. नुसती चाटतो.’’ मी म्हटलं, ‘‘अजिबात नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?’’ त्यांनी पुन्हा मागितली नाही. चौथ्या दिवशी ते गेले.

तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं. पण लोणच्याची बरणी मला उघडवेना. झोप गेली. कशातच मन लागेना. डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांचा उपयोग होत होता, हे आधीच सांगते. पण आत कुठेतरी गाठ बसली होती, ती सुटत नव्हती.

माझी मुलगी नोकरीच्या निमित्तानं पेरूच्या राजधानीत, लिमाला असते. २०२३ च्या जूनमध्ये तिनं मला जवळजवळ ओढूनच तिकडे नेलं. तिच्या ऑफिसात एक शिपिबो मुलगी आहे. शिपिबो-कोनिबो हे उकायाली नदीच्या काठचे आदिवासी. त्यातली बरीच कुटुंबं पोटापाण्यासाठी लिमात आली आणि कांतागायो नावाच्या वस्तीत राहिली. ही मुलगी त्या वस्तीत वाढलेली. ती म्हणाली, ‘‘माझी आत्या गावाकडे ओनान्या आहे. मामितांना तिच्याकडे घेऊन जा.’’ मामिता म्हणजे मी! मोठ्या बाईला तिकडे प्रेमानं असं म्हणतात. आणि ओनान्या म्हणजे ‘जिला कळतं ती’. जंगलातली वैदू म्हणा हवं तर.

‘‘मांत्रिकाकडे?’’ मी लेकीला म्हटलं. ‘‘तुझे बाबा पोट धरून हसले असते.’’
‘‘हसू दे ना,’’ ती म्हणाली. ‘‘आपण नुसतं बघून येऊ.’’

लिमाहून विमानानं अँडीज पर्वत ओलांडला की तासाभरात पुकाल्पा येतं. एकदम दमट हवा, लाल माती आणि रस्त्यावर चक्क आपल्या बजाजच्या रिक्षा! तिकडे त्यांना ‘तोरितो’, म्हणजे छोटा बैल, म्हणतात. रिक्षानं यारिनाकोचा तळ्याच्या काठावर गेलो आणि तिथून ‘पेके-पेके’ करत जाणाऱ्या होडीत बसलो. इंजिनाच्या आवाजावरूनच होडीचं नाव पेके-पेके पडलंय. दीड-दोन तासांनी आत्यांचं गाव आलं.

आत्या म्हणजे सत्तरीच्या ठेंगण्याशा बाई. कपाळावर सरळ कापलेली झुलपं, अंगात रंगीत पोलकं आणि कमरेला बारीक नक्षीचं भरतकाम केलेला काळा परकर. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि भाच्याकरवी पहिला प्रश्न विचारला, ‘‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’’ मी चकितच झाले. मला वाटलं होतं, नाडी बघतील, नाहीतर धूप घालतील! भाच्यानं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून वाचलं आणि आत्यांनी निक्षून सांगितलं, ‘‘हिला आयावास्का द्यायचं नाही. आणि गोळ्या बंद करून या, असंही मी सांगणार नाही.’’

आयावास्काबद्दल हल्ली आपल्याकडेही ऐकू येतं. एका वेलीचं खोड आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं तासन्‌तास उकळून केलेला तो काढा. पानांत डीएमटी नावाचं द्रव्य असतं. ते नुसतं पोटात गेलं तर शरीरातलं एक विकर त्याचा लगेच निकाल लावतं. वेलीतली द्रव्यं त्या विकरालाच अडवतात, म्हणून काढा चढतो आणि माणसाला डोळ्यांपुढे नाना दृश्यं दिसतात. हजारो वनस्पतींच्या जंगलात नेमक्या या दोघींची जोडी या लोकांनी कशी जमवली असेल, याचं शास्त्रज्ञांनाही नवल वाटतं. पण नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांबरोबर हाच काढा जिवावर बेतू शकतो. आणि काढा घ्यायचा म्हणून गोळ्या एकदम सोडणं, हेही तितकंच घातक. पेरूनं २००८ साली आयावास्काच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे मात्र डीएमटी अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं. तेव्हा ‘आपणही करून बघू’ म्हणायची ही गोष्ट नाही.

‘‘मग मी काय करायचं?’’ मी विचारलं.
आत्या म्हणाल्या, ‘‘पथ्य.’’

त्यांचा शब्द ‘सामा’. स्पॅनिशमध्ये ‘दिएता’. लेकीनं आधी ‘डाएट’ असं सांगितलं, पण ते वजन कमी करायचं डाएट नव्हे. पथ्य हाच त्याला बरोबर शब्द. मीठ नाही, साखर नाही, तेल-तूप नाही, तिखट नाही, दारू नाही, डुकराचं मांस तर मुळीच नाही. नवरा-बायकोनं वेगळं राहायचं. लोकांत मिसळायचं नाही, कामाशिवाय बोलायचं नाही. गावाबाहेर ‘तांबो’ म्हणून गवतानं शाकारलेली एक झोपडी असते, तिथे राहायचं. खायला उकडलेली कच्ची केळी आणि निखाऱ्यावर भाजलेला नदीतला मासा. आणि या काळात एका झाडाशी नातं जोडायचं. कुणी त्याची साल पाण्यात भिजवून पितं, कुणी पाल्याच्या पाण्यानं अंघोळ करतं. माझ्या गोळ्या लक्षात घेऊन आत्यांनी मला पोटात काहीच दिलं नाही. फक्त अंघोळी. झाड कोणतं, ते त्यांनीच ठरवलं. आहो साचा!

त्यांच्या दृष्टीनं झाड म्हणजे नुसतं औषध नव्हे, शिक्षक. लुईस एदुआर्दो लूना या कोलंबियन अभ्यासकानं १९८४ साली इकितोस शहराजवळच्या चार वैदूंवर निबंध लिहिला, त्यातही हेच आहे. वनस्पती शिकवतात. प्रत्येक औषधी झाडाला एक ‘माद्रे’ असते, म्हणजे आई. पथ्य पाळणाऱ्याला ती स्वप्नात येऊन शिकवते, गाणं देते. त्या गाण्याला इकारो म्हणतात. मिठाचा, तिखटाचा, सुगंधी साबणाचा वास तिला खपत नाही, म्हणून हे सगळे निर्बंध.

मिठाची गंमत पाहा. आपण मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतो. तिकडे उलटं! एखाद्याच्या मागे साडेसाती लागली, हातात घेतलेलं प्रत्येक काम फिसकटायला लागलं, की त्याला ‘सालादेरा’ झाला म्हणतात, म्हणजे तो ‘खारट’ झाला. मार्लीन डॉब्किन द रिओस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली या सालादेरावर लिहिलं आहे. आणि त्यावर एक उपाय कोणता? आहो साचाच्या अंघोळी!

पहिले दोन दिवस मी फक्त चहाच्या नावानं रडले. डोकं असं ठणकत होतं की बस! तिसऱ्या दिवशी डोकं उतरलं आणि जिभेचं दुखणं सुरू झालं. उकडलेलं केळं घशाखाली उतरेना. आमच्या घरात मासे चालतात, पण बिनमिठाचा, बिनतिखटाचा मासा? पहिला घास तोंडात घेतला आणि एकदम ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तीन वर्षं, रोज दोन वेळा, हा माणूस असं खात होता. समोर बसून मी भरलं वांगं खायची आणि वर विचारायची, ‘‘एवढं काय तोंड वाकडं करायचं?’’

मी ताट बाजूला सारलं. समोर आत्या बसल्या होत्या. त्यांच्या हातातही तेच केळं आणि तोच मासा होता. मला वाटलं, त्यांचंही काही व्रत असेल. संध्याकाळी लेक आली तेव्हा तिला विचारायला सांगितलं. आत्या अगदी सहज म्हणाल्या, ‘‘व्रत नाही. तुझ्यासाठी पाळतेय. तू अळणी खाणार आणि मी मीठ खाऊन तुझ्याजवळ बसणार? तसं कसं चालेल?’’

सगळेच वैदू दर वेळी असं करतात असं नाही, हे भाच्यानं नंतर सांगितलं. पण त्यांच्या विद्येचा पायाच हा आहे. शिकणाऱ्यानं महिनोन्‌महिने, कधी वर्षभर पथ्य पाळायचं. एका झाडाचं झालं की दुसऱ्याचं. आत्यांनी तरुणपणी अशी कितीतरी पथ्यं केली. ओनान्याचा अधिकार ठरतो तो तिनं किती झाडांचं पथ्य निभावलं यावरून. आणि आणखी एक गोष्ट कळली. पूर्वी आयावास्का बहुतेक वेळा वैदूच प्यायचे, रोगी नाही! रोगी नुसता पडून राहायचा. दुखणं कुठे आहे ते शोधायचं काम वैदूचं, तेव्हा कडू काढा पिऊन उलट्या काढायच्या त्याही त्यानंच. पुढे जगभरातून पर्यटक यायला लागले. त्यांना दृश्यं बघायची होती. मग रोग्यानं पिणं हाच मुख्य कार्यक्रम झाला आणि पथ्य राहिलं माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर.

या पर्यटनानं गावात पैसा आला, तसे भोंदूही आले. काल काढा शिजवायला शिकलेला माणूस आज ‘गुरू’ म्हणून मिरवतो. परदेशी मुलींना अंधारात, काढ्याच्या अमलाखाली असताना त्रास दिल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. मी हे आत्यांना विचारलं. त्यांनी डोळे बारीक केले. म्हणाल्या, ‘‘पथ्यात अंगाला अंग लागू द्यायचं नाही, हा नियम रोग्याला आहे तसा आम्हालाही आहे. जो स्वतः पथ्य पाळत नाही, त्याच्याजवळ औषध नाही. तिथून उठून जावं.’’ इतकी सोपी आणि खरी कसोटी मी दुसरी ऐकली नाही.

या बाईमाणसांनी सोसलंही खूप आहे. एप्रिल २०१८ मध्ये यारिनाकोचा भागातच ओलिव्हिया अरेवालो या ८१ वर्षांच्या नामवंत शिपिबो वैदूबाईंना त्यांच्या घराजवळ गोळ्या घालून मारलं. संशय एका कॅनेडियन माणसावर आला आणि जमावानं त्याचाही जीव घेतला. सगळ्या जगात बातमी झाली. दोन वर्षांनी करोना आला. इस्पितळांत जागा नव्हती, तेव्हा पुकाल्पातल्या शिपिबो तरुणांनी ‘कोमांदो मातिको’ नावाचं पथक काढून मातिको या झाडाच्या पाल्याचे काढे आणि वाफारे घरोघर दिले. त्यानं किती जण वाचले, हे मी सांगू शकत नाही. पण दाराशी कुणीतरी आलं, हेही त्या दिवसांत थोडं नव्हतं. आणि आता जंगलच तुटतंय. उकायालीच्या काठी ताडतेलाच्या पामची शेतं वाढताहेत. झाडं गेली तर शिकवणार कोण?

दुपारी आत्या कापडावर नक्षी काढत बसायच्या. तिला ‘केने’ म्हणतात. झाडाच्या सालीत रंगवलेल्या सुती कापडावर चिखलाच्या काळ्या रंगानं काढलेलं रेषांचं जाळं, जणू वरून पाहिलेल्या नद्याच! हे काम बायकांचं. तेही २००८ पासून पेरूचा राष्ट्रीय वारसा आहे. लहान मुलींच्या डोळ्यांत ‘पिरीपिरी’ नावाच्या लव्हाळ्याच्या रसाचे थेंब घालतात, म्हणजे त्यांना स्वप्नात नक्षी दिसते, असा समज. आत्यांची नात शेजारी बसून रेषा गिरवायची. एकही रेष न खोडता! आमच्याकडे ठिपक्यांची रांगोळी असते, असं सांगून मी काठीनं मातीत सात ठिपके काढून दाखवले. आजी-नात दोघी किती खूश झाल्या म्हणून सांगू!

सातव्या रात्री आत्यांनी माझ्यासाठी इकारो म्हटला. मिट्ट काळोख. मापाचो म्हणून तिकडची उग्र तंबाखू असते, तिचा धूर त्यांनी माझ्या डोक्यावर, छातीवर फुंकरला आणि त्या गायला लागल्या. आवाज बारीक, वर चढत जाणारा, कापरा. मला एक अक्षर कळलं नाही. दृश्यं दिसली नाहीत, कुणी देव भेटला नाही. मी फक्त ऐकत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढंच आठवलं, की माझी आई आजारी मुलाच्या उशाशी बसून अशीच काहीतरी पुटपुटायची. त्यानंतर मी झोपले. सलग, पहाटे कोंबडा आरवेपर्यंत. दीड वर्षानंतर!

आठव्या दिवशी पथ्य सोडायचं होतं. त्याचीही रीत आहे. आत्यांनी केळीच्या पानावर काय काय मांडलं ते पाहिलं आणि मी पाहतच राहिले. मीठ, लिंबू, मिरची आणि कांदा. हे एकत्र करून चाखायचं की पथ्य सुटलं! लेक माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं होतं. कांदा सोडला तर ते लिंबाचं लोणचंच होतं.

आत्यांनी चिमूट उचलून आधी माझ्या जिभेवर ठेवली, मग स्वतःच्या. त्या क्षणी जे काय झालं त्याला चव म्हणायचं की आणखी काही, मला सांगता येणार नाही. आठ दिवसांनी मला मीठ मिळालं. ह्यांना मिळालं नव्हतं. मी आत्यांना सगळं सांगितलं, अगदी लोणच्याच्या फोडीपर्यंत. मुलगी रडत रडत भाषांतर करत होती. मला वाटलं, त्या म्हणतील, ‘जाऊ दे, तुझी चूक नव्हती.’ सगळे तसंच म्हणतात. त्या म्हणाल्या, ‘‘पथ्य बरोबर होतं. पण तू त्याला एकट्याला ठेवलंस. आता आठ दिवस तू त्याच्याबरोबर जेवलीस.’’

मैत्रिणींनो, मी विज्ञान मानणारी बाई आहे. झाडाला आई असते की नाही, मला माहीत नाही. घरी आल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळ्या त्यांच्या सल्ल्यानंच, हळूहळू, वर्षभरानं कमी झाल्या. ह्यांना मी तेव्हा लोणचं द्यायला हवं होतं का? नाही. डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण मला एक पातेलं कमी करता आलं असतं. आठवड्यातून एक दिवस का होईना, त्यांच्या ताटातलं माझ्या ताटात घेता आलं असतं. आपण बायका दुसऱ्याचं पथ्य सांभाळण्यात पटाईत असतो. ते स्वतः चाखून बघायचं मात्र आपल्याला सुचत नाही.

त्या वर्षी ह्यांच्या तिथीला मी लिंबाचं नवं लोणचं घातलं आणि पानात सगळ्यात आधी वाढलं. लसूणवेल छान फुलली आहे. पाणी घालताना कधी कधी मी तिला हाक मारते. कुठल्या नावानं, ते सांगायला नकोच.

मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. त्यांच्या यजमानांनाही आता मीठ बंद झालंय. ‘‘काय करू हो, रोज दोन-दोन भाज्या!’’ त्या कुरकुरत होत्या. मी म्हटलं, ‘‘वहिनी, मंगळवारी एकच करा. अळणी. आणि दोघं मिळून खा. पहिल्या मंगळवारी मीही येते जेवायला.’’